सोंडेवरची घुरघुर

"फुंकायचं नाही. आरसा पुसायच्या आधी त्याच्यावर वाफ सोडतात ना, तशी सोडायची. पोटातून. आणि जिभेला काही कळू द्यायचं नाही. ती बिचारी खाली निजलेली असू दे."

हा माझ्या थोरल्या भावाचा, थर्मनचा आवाज. ओसरीच्या पायरीवर बसून तो माझ्या नवऱ्याला शिकारीसाठी रानटर्कीच्या मादीचे आवाज काढायला शिकवत होता, आणि मी आत बिस्किटांचं पीठ मळत ऐकत होते. आमच्या लग्नाला वर्ष व्हायचं होतं. आर्विल नदीकाठच्या गावात, कापडाच्या दुकानात वाढलेला. रानात शिरला की पाय कुठे ठेवू म्हणून विचारणारा. आवाज काढायची पत्ती तोंडात घातली की त्याला उमासे यायचे, डोळ्यांतून पाणी यायचं. पत्ती म्हणजे पोस्टाच्या तिकिटाहून थोडी मोठी, घोड्याच्या नालेच्या आकाराची, मधे एकावर एक ताणून बसवलेले रबराचे पातळ पडदे. जिभेने ती टाळूला दाबून धरायची आणि वाफ सोडायची. हात मोकळे राहतात. रानात हात हलला की संपलं.

"अरे गिळू नकोस, ती जेवायची वस्तू नाही," थर्मन म्हणायचा आणि स्वतःच मांडीवर थाप मारून हसायचा. तेव्हा त्याची छाती पिंपासारखी होती.

आर्विलने तो सबंध हिवाळा त्या पत्तीला वाहिला. ट्रकमध्ये, गोठ्यात, दाढी करताना आरशासमोर. बर्फ वितळायला लागलं तेव्हा कुठे त्याला घुरघुर साधली. मोठ्याने हाक मारणं कुणालाही जमतं. पण मादी चरताना, पाचोळा उकरताना स्वतःशीच जी हळू घुरघुर करते, ती सगळ्यात अवघड. त्यात काही मागणं नसतं. मी इथे आहे, माझं बरं चाललंय, एवढंच ती म्हणते. म्हणून तर म्हातारे, हुशार नरसुद्धा त्या आवाजाला भुलतात.

आर्विलच्या घुरघुरीत एक खोट राहिली ती कायमची. त्याचा पुढचा दात तुटलेला. आवाज संपता संपता त्या फटीतून जराशी हवा निसटायची. शिवणीचा एक टाका सुटावा तशी.

"ते शेपूट काढून टाक," थर्मन म्हणायचा. "कुठली मादी असं बोलते?"

"दात तुझ्या खेचराने तोडलाय, मेहुण्या. त्याला सांग."

पुढे आर्विलची ख्याती झाली. लोक म्हणायचे, आर्विल जाळीत बसला की माद्यासुद्धा त्याला बहीण समजून विचारपूस करायला येतात. थर्मनला त्याचा कोण अभिमान. भेटेल त्याला सांगायचा, हा माझा चेला.

आणि त्याच चेल्याला थर्मनच्या बंदुकीचे छर्रे लागले.

एप्रिलमधली सकाळ होती. ठरल्याप्रमाणे आर्विल पँथरच्या घळीत जायचा होता आणि थर्मन आमच्या घरामागच्या डोंगराच्या सोंडेवर. आर्विल घळ सोडून सोंडेवर का आला, ते त्यालाच ठाऊक. तो लॉरेलच्या झुडपांच्या जाळीत एका ओकला पाठ लावून बसला आणि घुरघुर करू लागला. थर्मनला वाटलं मादी आहे, म्हणजे नरही जवळच असणार. तो आवाजाच्या दिशेने सरकत गेला. पानांतून त्याला काहीतरी लाल दिसलं. नराचं डोकं असं लाल असतं. तो आर्विलचा कान होता, थंडीने लाल झालेला.

सरकारी माणसांनी अपघात म्हणून नोंद केली आणि गावानेही तसंच म्हटलं. मीही. थर्मनने बंदूक जुन्या खाणीच्या पाण्यात टाकली आणि नव्या खाणीत पाळीमागून पाळी मागून घेतली. इतरांना विश्रांती, याला काम. शेवटी कोळशाची धूळ त्याच्या फुप्फुसांत इतकी साठली की पायरी चढायला तो मधे थांबू लागला. लग्न त्याने केलं नव्हतं. मी त्याला माझ्या घरी आणलं.

"याला? तुझ्या घरात?" घळीच्या तोंडाशी राहणारी वेल्वी तेव्हा म्हणाली होती. वेल्वीला मनात ठेवणं माहीत नाही.

"खोली रिकामी आहे," मी म्हटलं.

माझा एक नेम आहे. उजाडायच्या आधी उठायचं, पलंगाशी गुडघे टेकायचे, आणि सूर्य डोंगराच्या धारेवर येईपर्यंत कुणाशीही शब्द बोलायचा नाही. पहिली प्रार्थना थर्मनसाठी, मग बाकीच्यांसाठी. आर्विलला मूठमाती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी हा नेम धरला. तापात, बर्फात, पुरात, कधी मोडला नाही. प्रार्थना एकच असायची, याच्या हातून जे झालं ते याच्याकडे मोजू नकोस.

यंदा वसंतात, डॉगवुडची झाडं फुलली त्या आठवड्यात, थर्मन ओसरीत खुर्चीवर बसला होता. नाकाला ऑक्सिजनची नळी, आत यंत्राची घरघर. मी पायरीवर रानलसूण निवडत होते.

"सिस," तो म्हणाला, "पहाटे तुला सोंडेवरून काही ऐकू येतं?"

"पहाटे मी देवाशी असते."

"तेव्हाच येतं." तो श्वासासाठी थांबला. "दर वसंतात येतं. घुरघुर. लॉरेलच्या जाळीतून."

"मग असेल मादी. रान त्यांचंच आहे, बब." लहानपणापासून तो मला सिस म्हणतो, मी त्याला बब.

"मला वाटतं, तो आहे."

कोण, हे मला विचारावं लागलं नाही. मी रानलसणाची मुळं तोडत राहिले. हाताला वास येत होता.

"कशावरून?"

"असंच."

आमच्या प्रार्थनेच्या सभाघरात मे महिन्यात पाय धुण्याचा रविवार असतो. येशूने शिष्यांचे धुतले तसे बाया बायांचे पाय धुतात, पुरुष पुरुषांचे. कमरेला पंचा बांधायचा, घमेलं घ्यायचं, समोरच्याचे पाय मांडीवर घ्यायचे. ज्याच्या मनात कुणाशी काही राहिलंय त्याने त्या बाकावर बसायचं नाही, हा जुना दंडक. आर्विल गेल्यापासून थर्मन त्या रविवारी सभाघराच्या दारापर्यंतही आला नाही. डॉक्टरांनी पुढच्या हिवाळ्याचं नाव घेणं सोडलं होतं. ब्रदर गार्नेट, आमचे वडीलधारे उपदेशक, घरी येऊन बसले.

"थर्मन, यंदा तरी ये. तुझे पाय मी धुतो."

"ब्रदर गार्नेट, खाणीत राबलेले पाय आहेत. घमेलं बदलावं लागेल तुम्हाला."

"दोन घमेली आणतो."

थर्मन हसला, मग खोकला आला, आणि खोकला थांबल्यावर म्हणाला, "आधी मला कळलं पाहिजे, वर कोण बोलतंय ते. ज्याच्याशी बाकी आहे तोच अजून हाका मारत असेल, तर मी कुणापुढे पाय करू?"

ब्रदर गार्नेट गेल्यावर त्याने मला आपला बेत सांगितला. त्याला स्वतःला आता पत्ती वाजवणं शक्य नव्हतं. तोंडात कवळी, छातीत हवा नाही. पण दुसऱ्या कुणी पहाटे त्या जाळीजवळ बसून हळू घुरघुर केली, तर खरी मादी असेल ती उत्तर देईल. मादी मादीला उत्तर दिल्याशिवाय राहत नाही.

"आणि मादी नसेल तर?"

"तर तुला कळेल."

"मला? बब, मला शीळसुद्धा घालता येत नाही."

"मी शिकवीन. तू खोटं बोलत नाहीस, म्हणून तू. इतर कुणीही खाली येऊन मला बरं वाटेल तेच सांगेल. जे ऐकशील ते तसंच्या तसं सांगशील?"

"सांगेन."

"शब्द?"

"शब्द," मी म्हटलं.

वेल्वीला हे कळलं तेव्हा तिने डोक्याला हात लावला. "अगं, कशाला त्या दवात बसतेस? परसात जा, घटकाभर थांब, आणि येऊन सांग की आली बाई मादी, दिलं तिने उत्तर. तोही सुटला, तूही सुटलीस."

"ते खोटं होईल."

"खोटं कसलं? औषध म्हण."

ब्रदर गार्नेटनाही क्षणभर तेच म्हणावंसं वाटलं असावं. "दयेपोटी, सिस्टर ऑर्फा..." एवढं म्हणून ते थांबले, आणि टोपी घेऊन उठले. मी त्यांना दारात अडवून विचारलं, सूर्य उगवायच्या आधी घुरघुर केली तर माझा नेम मोडेल का. त्यांनी बराच विचार केला. "पक्ष्याचं बोलणं माणसाचा शब्द म्हणून धरत नसावेत," ते म्हणाले. त्यावर मी माझा विचार केला. नेमात मी सोडलं होतं ते माझं बोलणं. घुरघुरीत माझं काहीच नव्हतं. हवा देवाची, आवाज पाखराचा. तेव्हा मन निवलं.

पत्ती टाळूला लागली आणि आर्विलला काय होत असेल ते मला कळलं. रबराची आणि चिकटपट्टीची चव. घसा उलटून आला. थर्मन खुर्चीतून बघत होता.

"कडा जरा वाकव. टाळू सगळ्यांचे सारखे नसतात. हां. आता टुक, मादीची ती छोटी हाक. कलिंगडाची बी ओठांवरून उडवतेस तशी."

मी बी उडवली. बीच उडाली, आवाज आला नाही. दुसऱ्यांदा काहीतरी निघालं.

"आता जे निघालं," वेल्वी दारातून म्हणाली, "ते बदकाला दमा झाल्यावर निघतं."

"वेल्वी, तू नवऱ्याला हाक मारतेस तेव्हा घळीतली कुत्री पळतात," थर्मन म्हणाला. "हिचं निदान बदक तरी आहे."

"माझा नवरा येतो ना पण हाकेला! हिच्या हाकेला कोण येणार?"

वेल्वी बोलून गेली आणि मग तिलाच ते ऐकू आलं. ती आणलेली अंडी ठेवून लगबगीने निघून गेली.

रोज सकाळी स्वयंपाक चढवला की शिकवणी सुरू व्हायची. आमचे साधे राजम्याचे दाणे शिजत असायचे, मक्याची भाकर भट्टीत, आणि मी चुलीसमोर उभी राहून बदकं काढायची. थर्मनला करून दाखवता येत नव्हतं, नुसतं सांगता येत होतं. त्याच्या सांगण्यात मात्र काही कमी नव्हतं. गुळण्या करतेस तसं, पण पाण्याशिवाय. मांजर मांडीवर घेतल्यावर तुला जसं वाटतं तसं. रागावलीस, आता हिला चीड आली. चिडलेल्या मादीकडे कोण येईल? पुन्हा. हळू. आणखी हळू. सगळा हळूपणाचा खेळ आहे, सिस, आणि तू जन्मभर हळू बोलत आलीस, मग आताच का ओरडतेस?

आणि पहिल्या दिवसापासून एक गोष्ट तो प्रत्येक शिकवणीच्या शेवटी सांगायचा, "वर गेलीस की खांद्यांहून रुंद झाडाला पाठ लाव. नारिंगी फडकं डोक्यावरच्या फांदीला बांध. आणि काहीही ऐकू आलं तरी जागा सोडून आवाजाच्या मागे जायचं नाही. आवाजाला येऊ द्यायचं. आपण जायचं नाही." हे सांगताना तो माझ्याकडे बघत नसे.

काम झालं की पत्ती धुऊन, पडदे चिकटू नयेत म्हणून मधे दातकोरणीची काडी सारून मी ती फ्रिजमध्ये लोण्याशेजारी ठेवायची. आर्विल असाच ठेवायचा. एकदा फ्रिज उघडल्यावर ती तिथे बघून मला वाटलं, तो आत्ताच ठेवून बाहेर गेलाय. दार लावून मी थोडा वेळ तशीच उभी राहिले.

बदकाचं हळूहळू काहीतरी वेगळं झालं. टुक जमलं. मग एक दिवस गुळणी घशात धरली गेली, आणि कोंबड्यांनी परसात माना वर केल्या. "आता वाटेवर आलीस," थर्मन म्हणाला. पण त्याचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, दमला असेल.

शिकारीचा हंगाम उघडायला थोडे दिवस राहिले होते. एका दुपारी तो आपल्या खोलीत पडला होता आणि मी भांडी घासत होते. पत्ती तोंडातच होती, मी विसरले होते. गरम पाण्यात हात, बाहेर ऊन, मनात काही नव्हतं. आणि घुरघुर आली. मी काढली नाही, ती आली. लांब, मऊ, सारखी. आणि संपता संपता एक टाका सुटला.

माझे पुढचे सगळे दात शाबूत आहेत.

मागे काहीतरी पडलं. थर्मन दारात उभा होता. नळी ताणून नाकातून निघाली होती आणि मागे जमिनीवर पडून सूं सूं करत होती.

"पुन्हा कर," तो म्हणाला.

मला करायची नव्हती.

"पुन्हा कर, सिस."

मी वाफ सोडली. पुन्हा तीच आली, त्याच शेपटासकट. एकाच पलंगावर इतकी वर्षं ज्याच्या शेजारी झोपले त्याचा आवाज माझ्या तोंडातून निघाला आणि स्वयंपाकघरभर पसरला. आवाज माझा की त्याचा, ते मला सांगता येईना. हात पाण्यातच राहिले.

थर्मन दाराच्या चौकटीला धरून खाली बसला. मी नळी उचलून त्याच्या नाकाला लावली. त्याने ती पकडली, पण बोलायचं थांबला नाही.

"वरून येतं ते असंच येतं. शेपटासकट. तुला सांगितलं नव्हतं."

"बब, श्वास घे."

"थांब. आज बोललो नाही तर मग नाही." त्याने दोन-तीन श्वास घेतले. "त्या दिवशीही मी ते ऐकलं होतं."

"काय ऐकलंस?"

"शेपूट. जाळीतून घुरघुर आली आणि शेवटी तो टाका सुटला. स्पष्ट. मी काय म्हणालो मनात सांगू? म्हटलं, घ्या, आता रानातल्या माद्यासुद्धा आर्विलसारख्या बोलायला लागल्या. मला हसू आलं गं. तो तर पँथरच्या घळीत, तसं ठरलेलं, मग तो कसा असेल? दुपारी भेटल्यावर त्याला चिडवायचं ठरवलं. म्हणायचं, तुझी एक बहीण सोंडेवर राहते. असं मनात जुळवत, हसत हसत मी पुढे सरकलो."

त्याने नळी नाकाशी घट्ट धरली.

"सगळ्यांना वाटतं, मी फसलो. चेल्याने इतकं हुबेहूब काढलं की गुरूच फसला. थडग्यापाशी ब्रदर गार्नेटसुद्धा तसंच बोलले. मी फसलो नव्हतो, सिस. मी आवाज ओळखला होता. ओळखून त्याच्यामागे गेलो."

यंत्राची घरघर चालू होती. भांड्यावरचा साबण सुकत होता. मी पत्ती तोंडातून काढून बशीत ठेवली, त्याला धरून खुर्चीवर बसवलं, आणि कोंबड्यांना दाणे टाकायला परसात गेले. दाणे टाकून झाले होते. पुन्हा टाकले.

परसातून सोंड दिसते. लॉरेलची जाळी वरच्या अंगाला, काळपट हिरवी. ती बघत मी उभी राहिले, आणि मला जे कळलं ते असं, की इतकी वर्षं रोज पहाटे मी त्याच्या हातासाठी क्षमा मागत आले होते. हाताला क्षमा केव्हाच मिळाली असेल. कानासाठी कुणीच काही मागितलं नव्हतं. मी चुकीच्या दारावर थापा मारत होते, आणि तो दुसऱ्या दाराआड एकटा बसून होता.

मला राग आला नाही असं म्हणायला हवं, पण आला. संध्याकाळी त्याचं ताट मी टेबलावर जरा जोरात ठेवलं. रानलसूण त्याला आवडतो, तो मी केला नाही. इतकं माझ्याने झालं. तोही खाली मान घालून दाणे चिवडत राहिला.

"आता कळलं ना," शेवटी तो म्हणाला. "पत्ती चुलीत टाक. नको जाऊस वर."

"का?"

"तुझा आवाज त्याचा झालाय. हंगाम उघडतोय. वर कुणी तरी बंदूक घेऊन बसलेला असेल, आणि..." त्याने ताट बाजूला सारलं. "आणि जाळीतला तो तुला ऐकेल. तो उठून येईल. मला दोन्हींची भीती वाटते."

"हंगामाच्या आदल्या दिवशी जाईन. कुणी बंदूक आणणार नाही. फडकं बांधीन. रुंद झाड बघीन."

"आणि दुसरं?"

"मी शब्द दिलाय," मी म्हटलं.

"तेव्हा तुला माहीत नव्हतं."

"देवाला माहीत होतं. त्याने मला अडवलं नाही."

मग लहान मुलासारखं त्याने विचारलं, "सिस, उत्तर आलं, आणि ते शेपटासकट आलं, तर मला सांगशील?"

"सांगेन."

"मादी असली तर?"

"ते सांगेन."

"आणि काहीच आलं नाही तर?"

"तर काही आलं नाही म्हणून सांगेन, आणि बिस्किटं करीन. तुला काय वाटतं, मी वरच राहीन?" माझा आवाज जरा चढला. "आणि मग पाय धुण्याच्या रविवारी तू कपडे करून माझ्याबरोबर सभाघरात येशील. जे आज मला सांगितलंस ते ब्रदर गार्नेटना सांगशील. त्यांना दोन घमेली आणू दे."

"ते ऐकल्यावर ते माझे पाय धुतील?"

"ते त्यांनी बघायचं. तुझं काम तू कर."

तो हो म्हणाला नाही. नाहीही म्हणाला नाही. भाकरीचा उरलेला तुकडा मात्र त्याने दुधात कुस्करून खाल्ला.

हंगामाच्या आदल्या पहाटे मी नेहमीसारखी उठले. पलंगाशी गुडघे टेकले. आणि पहिल्यांदाच माझ्याजवळ शब्द नव्हते. जुनी प्रार्थना ओठांपर्यंत आली आणि परत गेली, ती आता पुरी पडणारी नव्हती. नवी अजून झाली नव्हती. मी तशीच बसून राहिले. खिडकी उघडी होती. झाडांवरून दव टपकत होतं. कुठेतरी खाली ओढा.

आणि वरून ते आलं.

इतकं हळू, की आधी मला वाटलं यंत्राचाच आवाज. पण यंत्र आज बोलत नव्हतं. घुरघुर होती. लांब, मऊ, काही न मागणारी. ती संपत आली तेव्हा मी श्वास धरला, शेवट ऐकण्यासाठी. नेमकं तेव्हाच पानांतून वारं गेलं. टाका सुटला की नाही सुटला, मला कळलं नाही.

अंगावर काटा होता, तो अंगावरच ठेवून मी उठले. कोट घातला, नारिंगी फडकं खिशात घेतलं. फ्रिजमधून पत्ती काढली, काडी बाजूला केली, आणि ती गार पत्ती टाळूला लावली.

थर्मन ओसरीत अंधारात बसला होता. यंत्र त्यानेच बंद केलं होतं, सोंडेवरचं नीट ऐकू यावं म्हणून. ओठ निळसर दिसत होते. मी आत जाऊन यंत्र सुरू केलं, नळी त्याच्या कानांमागून नीट बसवली, गुडघ्यांवर पांघरूण टाकलं. त्याने माझं मनगट धरलं. माझ्या नेमाची वेळ होती, मला बोलायचं नव्हतं, आणि त्यानेही काही विचारलं नाही. ऐकलंस ना, एवढं त्याच्या डोळ्यांत होतं. मी मान हलवली. मग त्याने हात सोडला.

पायऱ्या उतरून मी परसाचं दार ढकललं, ओढ्यातल्या दगडांवरून पलीकडे गेले आणि सोंडेची चढण धरली.